टेकडीवरचा खांब

वायरलेस नेटवर्कचा वेग कसा वाढवावा यावर मी पीएच.डी. केली आहे, आणि आमच्या घरात नेट चालत नव्हतं. हे वाक्य मी म्हणायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं म्हणून झालेलं होतं. नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, नणंद भांडताना म्हणायची, आणि सासूबाई अगदी साळसूदपणे विचारायच्या, "तू नेटची डॉक्टर झाली ना वं? मंग याले औषध काऊन नाही देत?" मी चिडायचे. स्वभाव मुळातच तापट. त्यात दिवसभर बुलढाण्याच्या कॉलेजात पोरांना नेटवर्क शिकवायचं, चिखलीला बस बदलून घरी यायचं, आणि मग फोन हातात घेऊन ओट्याच्या टोकाला रेंज शोधत उभं राहायचं. चिडायला आणखी वेगळं कारण लागत नाही.

आमचं घर अमडापूरच्या बाहेर, शेतात, खोलगट जागेत आहे. मोबाइलच्या टॉवरला ते दिसतच नाही. ओट्याच्या विहिरीकडच्या टोकाला फोनवर बोलता येतं, दोन पावलं आत सरकलं की समोरचा माणूस गायब. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. कॉलेजात नेट होतं, माझं काम तिथे व्हायचं. घरी नेट नसणं ही तर एक सोयच होती.

ही सोय संपली ती नणंदेमुळे. ती गणिताची शिक्षिका. चिखलीच्या एका शाळेत शिकवायची आणि तिच्या हाताखालून गेलेली पोरं अजून रस्त्यात थांबवून तिच्या पाया पडतात. एका मोटारसायकलच्या अपघातात तिच्या मांडीत रॉड टाकावा लागला. फळ्यासमोर ती तासभर उभी राहू शकते, पण एसटीच्या पायऱ्या चढणं आणि गर्दीत उभ्याने धक्के खात जाणं तिला जमेना. नोकरी सुटली. घरी बसून ती कोमेजली वगैरे मी म्हणणार नाही. ती भांडखोर झाली. मिठाच्या बरणीचं झाकण कुणी उघडं ठेवलं यावर आमचं अर्धा दिवस वाजायचं. मला त्या भांडणांचा राग यायचा आणि तिच्याकडे पाहून वाईटही वाटायचं, कारण भांडताना तिचा उजवा हात खडू धरल्यासारखा हवेत फिरत असायचा.

मग तिने कुठूनतरी शोधून काढलं की मोठ्या शहरांतल्या मुलांना घरबसल्या गणित शिकवता येतं. एका ऑनलाइन शिकवणीने तिला महिनाभराच्या चाचणीवर घेतलं. उन्हाळी सुट्टीची तुकडी, तास दुपारचा. शेवटच्या तासाला त्यांच्या एक निरीक्षक बाई बसणार आणि मग काय ते ठरणार. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, शिकवणं तर पाहूच, पण नेट अडकलं तर आमचा नाइलाज आहे. त्या दिवशी नणंद मिठाच्या बरणीवरून भांडली नाही. माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "वहिनी, हे तुलेच करा लागीन."  ती काही मागते आहे असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

गावात केबलचं नेट आलेलं होतं, नवऱ्याच्या चुलतभावाच्या कृषी केंद्रापर्यंत. तिथून आमचं घर दिसत नाही, पण आमच्या शेताच्या कडेची टेकडी दिसते, आणि टेकडीवरून घर दिसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मी आणि नवऱ्याने टेकडीवर पुरुषभर उंचीचा एक लोखंडी खांब उभा केला. त्याला तीन बाजूंनी तारा ताणून खुंट्या ठोकल्या, वर दोन छोट्या डिश, खाली नेट पुढे पाठवणारं यंत्र आणि बॅटरी ठेवलेला एक डबा आणि सोलरची पाटी. दुकानाच्या गच्चीवरून खांबावर, खांबावरून घरात. पहिल्या दिवशी नेट आलं तेव्हा सासूबाईंनी खांबाला हळदकुंकू लावलं.

आणि तास सुरू झाले तसं चित्र अडकायला लागलं. नणंद बोलते आहे, हात वर आहे, आणि पडद्यावर ती तशीच थिजलेली. तिकडून पोरं ओरडायची, "मॅडम, तुम्ही फ्रीझ झालात!"

हे का होतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं, माझा अख्खा प्रबंध त्यावरच आहे. सासूबाईंनाही मी ते समजावलं, कारण त्या भाकऱ्या थापत होत्या आणि मला कुणाशीतरी बोलायचंच होतं. नेटवर्कमध्ये काम थराथरांत वाटलेलं असतं. सगळ्यांत खाली रेडिओ, सगळ्यांत वर तुमचा व्हिडिओ, मध्ये बाकीचे. प्रत्येक थराने फक्त आपल्या शेजारच्या थराशी बोलायचं, पलीकडच्याशी नाही. पद्धत चांगली आहे, सगळ्या जगाचं काम तिच्यावर चालतं. पण ती बनली तारेसाठी. तारेतून माहितीचा एखादा तुकडा हरवला, तर वरचा थर समजतो की वाटेत गर्दी झाली, आणि लगेच वेग निम्म्यावर आणतो. हवेत मात्र तुकडे वाऱ्याने हरवतात, झाड हललं म्हणून हरवतात, गर्दी कुठेच नसते. खालच्या रेडिओला हे कळतं. वरच्याला कुणी सांगत नाही, आणि तो मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून बसतो. माझं म्हणणं इतकंच, की खालच्याने मधल्यांना ओलांडून वरच्याला थेट सांगावं: गर्दी नाही, हवा खराब आहे, तू वेग सोडू नको, हरवलेलं मी पुन्हा पाठवतो. याला क्रॉस-लेयर डिझाइन म्हणतात.

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजे आपल्या घरावानीच हाय की वं सारं."

त्या असं का म्हणाल्या ते सांगायला हवं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलत नाहीत. राग नाही, रुसवा नाही. सासऱ्याने सुनेशी थेट बोलू नये, तो तिचा मान आहे, ही त्यांच्या घरची रीत. गावात बाकीच्यांनी ती कधीच सोडून दिली, ह्यांनी धरून ठेवली. मी दोन हातांवर उभी असले तरी ते सासूबाईंना सांगणार, "तिले सांग, चहात साखर कमी टाक म्हना." सासूबाई मान वळवून मला, "साखर कमी टाक म्हनतेत." मी म्हणायचे, "ऐकलं." सासूबाई मान वळवून त्यांना, "ऐकलं म्हनते." सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. पुढे सवय झाली. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, माझा त्यांच्यात होता, आणि इतक्या वर्षांत एकदाही कुणी तो लावला नव्हता.

तर मी प्रबंध कपाटातून काढला आणि टेकडीवरच्या डब्यात घालायला घेतला. प्रबंधात मी सगळं कॉम्प्युटरच्या पोटातल्या काल्पनिक नेटवर्कवर केलं होतं. तिथे वारा नव्हता, ऊन नव्हतं, सासरचे लोक नव्हते. इथे डब्यातलं सॉफ्टवेअर उघडायचं, त्याला रेडिओची हालहवाल थेट नणंदेच्या लॅपटॉपला सांगायला शिकवायचं, लॅपटॉपला ते ऐकायला शिकवायचं. सिग्नल कमजोर व्हायला लागला की व्हिडिओने थिजायच्या आत स्वतःच लहान व्हायचं, पण आवाज आणि फळा सोडायचा नाही. चार-पाच दिवस मी कॉलेजातून येऊन त्यावरच बसले. एकदा डबा उन्हाने तापून बंदच पडला. जेवताना मी ते सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी ओट्यावर हात धुणाऱ्या मामाजींना. थोड्या वेळाने त्या आत येऊन म्हणाल्या, "काई टेन्शन घेऊ नको म्हनतेत." मी म्हटलं, ऐकलं.

आणि चाललं की! त्या रविवारी सकाळी मी घरातून वेग मोजला तर आधीच्या तिप्पट-चौपट भरला. मी अंगणात उडी मारली, खरोखरची. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर लिहिलं ती एका खांबावर, आपल्या शेतात, उन्हात उभी राहून काम करते आहे, याचा आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

सोमवारी कॉलेजात नणंदेचा फोन आला. ओट्यावरून बोलत होती. तास पार बुडाला होता.

"सकाळी तर चालत होतं," मी म्हटलं.

"सकाळी कोन पोट्टं गणित शिकते, वहिनी?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारीही तेच. संध्याकाळी मी टेकडीवर जाऊन पाहावं तर सगळं ठणठणीत. डिश जागेवर, सिग्नल भरपूर. मी दुकानातलं नेट तपासलं, बॅटरी तपासली, गरम होतो म्हणून डब्याला भोकं पाडली. नणंद माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि ती गप्प बसण्यापेक्षा तिने बरणी फेकून मारलेली परवडली असती. चाचणीचा अर्धा महिना सरला होता. शिकवणीवाल्यांनी तिला ताकीद दिली की असंच राहिलं तर शेवटच्या तासापर्यंत थांबायचं कारण नाही.

आता माझी करामत माझ्याच कामाला आली. डबा लॅपटॉपला रेडिओची खबर देतच होता, मी त्याला ती साठवून ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आलेख काढला. सकाळभर रेषा वर, सरळ. दुपारी एकदम कडा कोसळावा तशी खाली. मग हळूहळू, तासा-दीड तासात, वर चढत येते. आणि पुन्हा धाडकन खाली. संध्याकाळी परत वर. मी स्टाफरूममध्ये तो कागद उलटासुलटा करून पाहिला. ऊन असं वागत नाही, पक्षी असं वागत नाहीत. एकदम बिघडतं आणि सावकाश बरं होतं, असं आमच्या टेकडीवर दुपारी आहे तरी काय?

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारची बस धरली. फाट्यावर उतरून घरी न जाता तशीच टेकडीकडे निघाले. ऊन असं की पायाखालची माती चपलेतून भाजत होती. वर पाहिलं तर खांबाजवळ पांढरं धोतर आणि टोपी. मामाजी. हातात पाण्याची बादली. मी धापा टाकत वर पोचले तेव्हा ते डिशवर एक पोतं पांघरून त्यावर पाणी ओतत होते, अगदी सावकाश, कुठे कोरडं राहू नये म्हणून चहूबाजूंनी फिरून.

उन्हाळ्यात रांजणाला ओलं पोतं गुंडाळतात, पाणी गार राहतं. सुनेचा महागाचा डबा तापतो म्हटल्यावर त्यांनी त्यालाही गुंडाळला, डब्यासकट वरच्या दोन्ही डिशही. रोज दुपारी जेवण झाल्यावर बादली घेऊन इतकं चढायचे, पोतं वाळलं की पुन्हा चढायचे, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की काढून न्यायचे. आणि पाणी हा आमच्या रेडिओचा असा वैरी आहे, की ओल्या पोत्यापेक्षा भिंत बरी.

नणंदेचा तास सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मध्ये सासूबाई नव्हत्या. कुणीच नव्हतं.

"मामाजी, ते पोतं काढा आधी!" मी ओरडले. त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं, ओरडून.

ते दचकले. रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभे राहिले. मग पोतं ओढून काढलं. मी काय झालं ते भराभर सांगत सुटले, पाणी, लाटा, तास, ताकीद, सगळं एका दमात. ते खांबाकडे पाहत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि खांबालाच म्हणाले, "तापते म्हने ना. म्हनून टाकलं." आणि उतरून गेले. पाठीवर सदरा घामाने चिकटलेला होता. माझा सगळा राग तिथल्या तिथे गेला.

संध्याकाळी सासूबाईंना खोदून विचारलं. डबा तापल्याचं कळलं त्या दिवशी मामाजी म्हणाले होते, "तिले सांग, डब्याचं दुपारचं मी पाह्यतो, काई टेन्शन घेऊ नको म्हना." त्यातलं शेवटचं तेवढं माझ्यापर्यंत आलं. सासूबाई म्हणाल्या, "तेवढंच कामाचं वाटलं मले." जेवायला बसल्यावर मामाजी ताटाकडे बघत म्हणाले, "तिले सांग, चुकलं म्हना." सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "भाजी बरी झाली म्हनतेत." मी हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून ताट घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, एक छोटं छप्पर बांधून डब्यावर बसवलं. डिशच्या समोर काडीही येऊ दिली नाही. सावली झाली, डबा तापायचा थांबला. उरलेले तास असे सुरळीत गेले की नणंद पुन्हा माझ्याशी भांडायला लागली. मला इतकं बरं वाटलं. अधूनमधून पोरं तिला सांगायची, मॅडम, तुमचं चित्र लहान झालं, पण तुम्ही थांबू नका. ती थांबायची नाही. चित्र लहान होणं म्हणजे टेकडीने खबर दिली आणि लॅपटॉपने ऐकली, हे त्यांना कुठे माहीत असणार?

शेवटचा तास शनिवारी होता. मी घरीच होते. नणंदेने इस्त्रीची साडी नेसली, फळा दोनदा पुसला. निरीक्षक बाई पडद्यावर आल्या, नमस्कार झाला, त्यांनी आपला कॅमेरा बंद केला. तास सुरू झाला आणि त्याच सुमाराला वावटळ उठली. अंगणातली टोपली उडाली, पत्रे वाजायला लागले. मी ओट्यावर बसून फोनवर सिग्नलची रेषा बघत होते. ती वरखाली नाचायला लागली. माझी करामत जिवाच्या आकांताने काम करत होती, चित्र पार टिकलीएवढं झालं होतं, आवाज मात्र टिकून होता. पण रेषा दर हेलकाव्याला आणखी खाली जात होती. खांब वाकत असणार. मी चपला शोधायला उठले. टेकडी चढेपर्यंत तास हातचा गेला असता, हे कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नाव आलं: मामाजी.

मी उचलला. पलीकडे नुसता वारा. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "खुंटी उपटली. खांब हालून राह्यला." ते शेतातून आधीच वर धावले होते.

"धरून ठेवा, मामाजी. सरळ धरा."

"धरला. कोनीकडे करू?"

"विहिरीकडे थोडा. थोडा अजून. जास्त झालं, मागे. बस! तसाच राहू द्या."

रेषा वर आली. आत पडद्यावर नणंदेचं चित्र फुगून पूर्ण झालं. मी ओट्याच्या टोकाशी बसले. वारा आला की ते सांगायचे, "येऊन राह्यला मोठा," मी सांगायचे, "गेला, ठीक आहे." इतक्या वर्षांचं न बोलणं असं एकेका शब्दाने संपत होतं आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटायला वेळ नव्हता.

थोडं स्थिरावल्यावर त्यांनी विचारलं, "तिचं चालू हाय ना?"

"हो. छान चाललंय."

"काय शिकवते?"

मला एकदम लक्षात आलं की या माणसाने आपल्या मुलीला शिकवताना कधी ऐकलेलंच नाही. ती शाळेत, हे शेतात. तिच्या खोलीची खिडकी ओट्याच्या याच टोकाला उघडते. मी सांगायला लागले, "अपूर्णांक. म्हणजे बघा..."

"तू चूप राय," ते म्हणाले. "मले ऐकू दे."

मी हात लांबवून फोन खिडकीच्या गजाशी धरला. आत नणंद सांगत होती की भाकरीचे तुकडे सारखे नसतील तर त्यांना अपूर्णांकाचं नाव द्यायचं नाही. एका पोराचं चुकलं, तिने त्याला रागावलं नाही, त्याच्याकडूनच चूक काढून घेतली. पोरं हसली. तीही हसली, अपघाताआधी हसायची तशी. माझा हात अवघडला तरी मी तो हलवला नाही.

तास संपला. निरीक्षक बाईंचा कॅमेरा सुरू झाला. त्या म्हणाल्या, "मॅडम, सोमवारपासून तुमची कायमची तुकडी सुरू करू. चालेल ना?" नणंदेने हो म्हटलं, एकदा नीट आणि एकदा रडत.

मी फोन कानाला लावला. "मामाजी, ऐकलंत?"



"ऐकलं म्या," ते म्हणाले.  मग विचारलं, "मंग आता खांब सोडू का?"

मी मान वर करून टेकडीकडे पाहिलं. छपराच्या तुराट्यांच्या शेजारी ते दोन्ही हातांनी खांब कवटाळून उभे होते, फोन खांद्यात दाबलेला. अंगणातल्या लिंबाचं एक पानही हलत नव्हतं. वारा केव्हाच पडला होता.